रूपकुंडची वाट पुन्हा खुली व्हावी का?

कातळकडा :
उन्हाळी सुट्टी जवळ आली की पुण्या-मुंबईच्या ट्रेक ग्रुपांवर हमखास विचारलं जातं, रूपकुंडचा ट्रेक (उत्तराखंडातलं उंचावरचं तळं, ज्याच्या काठी माणसांचे सांगाडे सापडले) परत कधी सुरू होणार? माझं मत स्पष्ट आहे. पूर्वीसारखं ते कधीच सुरू होऊ नये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ऑगस्ट २०१८ मध्ये एका याचिकेवर नैनीतालच्या उच्च न्यायालयाने उत्तराखंडातल्या बुग्यालांवर, म्हणजे झाडांची हद्द संपल्यावर लागणाऱ्या गवताळ माळांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला. दिवसाला जास्तीत जास्त २०० पर्यटक, आणि तिथल्या फायबरच्या झोपड्याही काढून टाकायच्या, असा आदेश होता. वाण गावातून निघून रूपकुंड करून त्याच दिवशी परतणं शक्य नाही. बेदनी, पातर नचौनी, भगवाबासा असे मुक्काम टाकतच वर चढावं लागतं. ट्रेक आपोआप थांबला.

बेदनी हा असाच एक बुग्याल, साधारण ११ हजार फुटांवर आहे. वर्षातले कितीतरी महिने जमीन बर्फाखाली; गवताला वाढायला उन्हाळा-पावसाळ्याचे जेमतेम चार महिने. आणि नेमके मे-जूनमध्ये, बर्फ वितळून माती मऊ झालेली असताना, आपले तंबू तिथे पडायचे. तंबूभोवती चर, संडासासाठी खड्डे, चरायला मोकळी सोडलेली खेचरं. एवढ्या थंडीत मैला लवकर कुजत नाही. गवत उपटलं गेलं की खालची माती पुढच्या पावसात वाहून जाते आणि तिथे घळ पडत जाते. तळ्याकाठच्या सांगाड्यांचं काय झालं? १९४२ मध्ये वनरक्षकाला ते दिसले, आणि पुढे येणाऱ्यांनी कवट्या, हाडं आठवण म्हणून उचलून नेली. माणसांची हाडं! तिथे ज्यांना हात आवरला नाही, त्यांच्या भरवशावर गवत सोडायचं?

हिमगौरी :
पूर्ण असहमत. तुमच्या लिखाणात वाणची माणसं कुठेच नाहीत. गाईड, खेचरवाले, स्वयंपाकी, घरात चार पाहुणे ठेवणाऱ्या बायका, या सगळ्यांचं वर्ष या हंगामावर चालायचं. बंदी आल्यावर कंपन्यांनी गिऱ्हाईक ब्रह्मताल आणि केदारकांठा या दुसऱ्या ट्रेककडे वळवलं. ब्रह्मतालची वाट लोहाजंग गावाहूनच निघते, म्हणून लोहाजंगला तेवढा तरी आधार आहे. वाण त्या वाटेवर नाही. आपल्याला दुसरा डोंगर मिळाला, त्यांना दुसरं गाव कुठून मिळणार? शिवाय गर्दी कमी झाली नाही, फक्त तिची जागा बदलली. नाताळात केदारकांठाच्या माथ्यावर जाऊन बघा.

आणि नंदादेवी राजजात, म्हणजे देवीची मोठी पायी यात्रा? बारा वर्षांनी निघते, २०१४ मध्ये हजारो यात्रेकरू याच बेदनीवरून, रूपकुंडावरून होमकुंडाला गेले. ती श्रद्धा आहे, तिला माझा विरोध नाही. पण मग नियम फक्त ट्रेकरलाच का?

कातळकडा :
बारा वर्षांतून एकदा आणि दर हंगामात रोज, यात फरक आहे. आणि ज्या याचिकेवर ही बंदी आली ती दिल्लीहून कुणी केली नव्हती. आली-बेदनी-बगजी बुग्याल संरक्षण समिती ही तिथलीच. गुरं चारणाऱ्यांना माळ उघडा पडताना आपल्याआधी दिसतो.

पाणवाट :
तुम्ही दोघंही दयारा बुग्याल विसरताय. उत्तरकाशीच्या वनखात्याने तिथल्या घळींवर काथ्याच्या जाळ्या अंथरल्या, पाणी अडवायला पिरूल, म्हणजे चीडाच्या सुया, भरून बांध घातले, आणि माती धरली. म्हणजे बुग्याल सावरता येतो. मग कायमची बंदी कशाला? आळीपाळीने एकेक माळ विश्रांतीला ठेवा.

देवराई :
खाली जंगलात, गैरोली पातालला तळ टाकून दिवसात आली आणि बेदनी हे शेजारचे बुग्याल बघून उतरता येतं. आदेश पाळून होणारी ही सोय आहे. फक्त तिथे सरपणासाठी फांद्या तोडल्या जाऊ नयेत. बांज-बुरांशचं (ओक आणि ऱ्होडोडेंड्रॉनचं) ते रान पुन्हा उभं राहायला माणसाचं आयुष्य पुरणार नाही.

कातळकडा :
देवराई, हे मला मान्य. आली-बेदनी दिवसापुरतं बघावं, वाणमध्ये राहावं, गाईड वाणचाच घ्यावा. रूपकुंड मात्र सोडून द्यावं. पाणवाट, दयाऱ्याचं काम चांगलंच आहे, पण जाळी रस्त्याच्या त्यामानाने जवळच्या माळावर नेणं वेगळं आणि भगवाबासाच्या दगडधोंड्यांत नेणं वेगळं.

हिमगौरी :
सोडून द्यावं, हे आपण पुण्यात बसून ठरवतोय, याचंच मला वाईट वाटतं. उत्तराखंडात वनपंचायती, म्हणजे गावाचं जंगल सांभाळणाऱ्या गावाच्याच समित्या, १९३१ पासून आहेत. महिन्याला किती परवाने द्यायचे हे वाणच्या पंचायतीला ठरवू द्या, शुल्क तिच्याकडे जमा होऊ द्या, मैला खाली आणण्याची अट घाला आणि न पाळणाऱ्या कंपनीचं अनामत जप्त करा. बंदीनंतर पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, औलीला झालेल्या एका बड्या लग्नासाठी याच न्यायालयाने तीन कोटी रुपये अनामत मागितलं होतं, म्हणजे तो मार्ग आहे. पंचायत शून्य परवाने म्हणाली तर मी एक शब्द बोलणार नाही. कातळकडा, पंचायतीने पन्नास म्हटलं तर तुम्ही मान्य कराल का?

कातळकडा :
पन्नास माणसांबरोबर खेचरं किती, हे आधी सांगा. माणसांपेक्षा खुरांची भीती जास्त आहे. खेचरांशिवाय, पाठीवर सामान घेऊन जाणारे पन्नास असतील, तर विचार करेन.