मारेकरी सुटला, निकाल उरला. याला न्याय म्हणायचं का?

उंबरा (धागाकर्ता)

बर्लिनमध्ये प्रागर श्ट्रास नावाच्या रस्त्यावर 'मायकोनोस' म्हणून एक ग्रीक रेस्तराँ होतं. १७ सप्टेंबर १९९२ ची रात्र, अकराचा सुमार. समाजवादी पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं अधिवेशन शहरात भरलं होतं. त्यासाठी आलेले इराणी कुर्दिस्तानच्या लोकशाही पक्षाचे सरचिटणीस सादिक शरफकंदी मागच्या खोलीत ओळखीच्या लोकांबरोबर बसले होते. दोघे जण आत आले. एकाच्या हातातल्या खेळाच्या बॅगेत मशीन पिस्तूल होतं. शरफकंदी, फत्ताह अब्दोली, हुमायून अर्दलान आणि दुभाष्याचं काम करणारे नूरी देहकुर्दी असे चौघे मेले.

पाचेक दिवसांनी ती बॅग एका मोटारविक्रेत्याच्या आवारात सापडली. आतल्या दुसऱ्या, साध्या पिस्तुलाचा माग काढत गेल्यावर ते शहाच्या काळात, १९७२ साली, स्पेनहून इराणी लष्कराला गेलेल्या मालातलं निघालं. मॅगझिनवर अब्बास रायल या लेबनीज आरोपीच्या तळव्याचा ठसा होता. एवढा माल हातात असूनही खटला ऑक्टोबर १९९३ ते एप्रिल १९९७ चालला, सुनावणीचे दिवस जवळजवळ अडीचशे. निकालात रायल आणि बर्लिनमध्ये किराणा दुकान चालवणारा इराणी काझिम दाराबी यांना जन्मठेप झाली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हत्येचा हुकूम तेहरानमधल्या अगदी वरच्या समितीने दिला, हे कोर्टाने लिहून ठेवलं.

डिसेंबर २००७ मध्ये दोघांना सोडून मायदेशी धाडण्यात आलं.

मग ऑगस्ट २०१९. त्याच शहरात, भरदुपारी, क्लाइनर टियरगार्टन बागेत चेचेन वंशाचे झेलिमखान खांगोश्विली यांना सायकलवरून आलेल्या माणसाने गोळ्या घातल्या. तेही आश्रय मागायला आलेले. त्याच कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये वादिम क्रासिकोवला जन्मठेप दिली आणि हुकूम रशियन सरकारी यंत्रणेचा होता असं नमूद केलं. १ ऑगस्ट २०२४ ला रशियाशी झालेल्या कैद्यांच्या अदलाबदलीत तो सुटला. मॉस्कोच्या विमानतळावर लाल गालिचा होता आणि पुतिन यांनी त्याला मिठी मारली.

मला वाटतं तरीही न्याय झाला. परागंदा विरोधकाला मारणारं सरकार नेहमी एकच सांगतं, 'आपसातलं भांडण असेल, आमचा काय संबंध?' ते खोटं आहे हे पुराव्यानिशी, उलटतपासणी होऊन, कोर्टाच्या दप्तरात चढलं. कैदी परत नेता येतो, निकाल परत नेता येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

वाकडी_वाट

साफ असहमत. कागदाला न्याय म्हणायचं असेल तर मग रद्दीवाल्याकडे न्यायाची थप्पी लागलेली असते.

मायकोनोस खटल्यातच इराणचे गुप्तचर मंत्री अली फल्लाहियान यांच्या नावाने मार्च १९९६ मध्ये अटक वॉरंट निघालं. त्या वॉरंटचं काय झालं? २००१ साली हे गृहस्थ राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे होते. निकालात वरच्या लोकांचा उल्लेख आहे तो पदांनी, नावांनी नव्हे. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या जुन्या बायकांसारखं कोर्ट वागलं. आणि राजदूत? युरोपीय देशांनी एप्रिल १९९७ मध्ये मोठ्या तोऱ्यात माघारी बोलावले आणि नोव्हेंबरमध्ये परत पाठवले. चार मुडद्यांची किंमत सात महिने.

खून करायला पाठवणाऱ्याने यातून काय शिकायचं? आपला माणूस पकडला गेला तर थोडा धीर धरायचा, आणला जाईल.

कोर्टकज्जा

वाकडी_वाट, तुमचा राग रास्त आहे पण तुलना चुकीच्या गोष्टीशी करताय. मायकोनोसची तुलना आदर्श न्यायाशी नको, व्हिएन्नाशी करा.

शरफकंदींच्या आधी त्यांच्या पक्षाचं नेतृत्व अब्दुल रहमान कासिमलू यांच्याकडे होतं. १३ जुलै १९८९ ला व्हिएन्नातल्या एका फ्लॅटमध्ये ते इराण सरकारच्या प्रतिनिधींशी *वाटाघाटी* करत होते. त्याच बैठकीत ते आणि त्यांचे दोन सोबती मारले गेले. समोर बसलेल्यांपैकी एक स्वतः जखमी झाला. त्याला इस्पितळात नेलं, बरा केला आणि पोलीस बंदोबस्तात विमानतळावर पोचवलं. दुसरा इराणी वकिलातीत जाऊन बसला आणि पुढे निघून गेला. ऑस्ट्रियाने वॉरंट काढली ती नोव्हेंबरमध्ये, पाखरं उडाल्यावर. खटला शून्य. त्या घरच्यांना विचारा, 'नुसता कागद' मिळाला असता तर चाललं असतं का.

बर्लिनमध्येही व्हिएन्ना व्हावं म्हणून प्रयत्न झालेच. खटला सुरू व्हायचा त्याच महिन्यात फल्लाहियान स्वतः बॉनला आले होते, चॅन्सेलर कार्यालयातल्या अधिकाऱ्याला भेटले आणि खटला थांबवा म्हणाले. जर्मनीचं तेव्हा इराणशी 'टीकात्मक संवाद' नावाचं गोड धोरण चाललं होतं (संवाद दणक्यात, टीका चवीपुरती). तरी खटला थांबला नाही. सरकारी वकील ब्रूनो योस्ट अडून बसले, ही एक गोष्ट. दुसरी फार कोणी सांगत नाही. जर्मन फौजदारी कायद्यात मृताच्या नातलगांना सहफिर्यादी होता येतं. त्यांचा वकील कोर्टात बसतो, कागद पाहतो, साक्षीदाराला प्रश्न विचारतो. सरकारी पक्ष ढिला पडला तर बाजूला बसलेलं कोणीतरी ते बघत असतं.

अण्णा_पलीकडचे

नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ चा. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. दादा गेले १७८३ साली, अंथरुणावर. शिक्षा झालीच नाही. पण आज अडीचशे वर्षांनी शाळकरी पोराला विचारा खून कोणी करवला. उंबरा यांच्याशी सहमत.

वाकडी_वाट

अण्णा, दर धाग्यात रामशास्त्री आणायचा नेम आहे का तुमचा? आणि आणलेत तर पूर्ण आणा. शास्त्रीबुवा निकाल देऊन दरबारातून उठून गेले. जर्मन सरकार निकालानंतर काही महिन्यांत परत जेवायला बसलं.

निशिगंध

मला या चर्चेत एक गोष्ट खटकते. सुटलेल्या मारेकऱ्यावर सगळे बोलताहेत. क्रासिकोवच्या बदल्यात कोण सुटलं?

रशियन विरोधक व्लादिमीर कारा-मुर्झा. दोनदा विषप्रयोगातून वाचलेला माणूस, युद्धाविरुद्ध बोलला म्हणून २५ वर्षांची शिक्षा, सायबेरियात एकांतकोठडी. मानवी हक्कांचं काम करणारे ओलेग ऑर्लोव, सत्तरी ओलांडलेले. विरोधी नेते इल्या याशिन. पत्रकार इव्हान गेर्शकोविच. हे लोक आत मेले असते तर तोही राजकीय खूनच झाला असता, फक्त सावकाश केलेला. विरोधी नेते नवाल्नी २०२४ च्या फेब्रुवारीत तसेच गेले ना? मेलेल्याच्या न्यायासाठी जिवंत विरोधकाला कोठडीत कुजू द्यायचं, हे मला तरी जमणार नाही. खांगोश्विली क्रासिकोव आत राहिल्याने परत येणार नव्हते.

वाकडी_वाट

निशिगंध, तुम्ही याशिनचं नाव घेतलंत म्हणून सांगतो. सुटल्यावर दुसऱ्याच दिवशी बॉनमध्ये पत्रकारांसमोर त्याने सांगितलं की मला देशाबाहेर जायचंच नव्हतं, माझी संमती घेतलेली नाही, आणि एक खुनी सुटला म्हणून मी सुटलो हे पचवणं जड जातंय. म्हणजे ज्याच्यासाठी सौदा झाला त्याच्याच घशाखाली तो उतरत नव्हता.

आणि हे एकदाच घडलेलं नाही. इराणी मुत्सद्दी असदुल्ला असदी २०१८ मध्ये पॅरिसजवळच्या विरोधकांच्या मेळाव्यात बॉम्ब उडवण्याच्या कटात सापडला, अँटवर्पच्या कोर्टाने २० वर्षं दिली. मे २०२३ मध्ये एका बेल्जियन मदतकार्यकर्त्याच्या बदल्यात घरी. हमीद नूरी, इराणी तुरुंगांतल्या १९८८ च्या कत्तलींसाठी स्वीडनमध्ये जन्मठेप. जून २०२४ मध्ये दोन स्वीडिश नागरिकांच्या बदल्यात घरी. आता रीत बसली आहे. आपला मारेकरी पकडला गेला की त्या देशाचा एखादा प्रवासी उचलायचा, हेरगिरीचा आरोप ठेवायचा आणि वाट बघायची. उद्याच्या ओलिसाची सुपारी आजच्या सुटकेतच दिली जाते.

सरळसोट

थोडं वेगळं. खांगोश्विली आणि शरफकंदी एका माळेत कसे ओवता? खांगोश्विली चेचेन युद्धात रशियाविरुद्ध बंदूक घेऊन लढलेला होता. पुतिन तर त्याला क्रूर, रक्तपिपासू म्हणाले होते. 'विरोधक' हा शब्द किती ताणायचा?

कोर्टकज्जा

ताणायची गरजच नाही. तो गुन्हेगार होता असं रशियाचं म्हणणं असेल तर पुरावा पाठवा, प्रत्यार्पण मागा, कोर्ट बघेल. बागेत पाठीमागून गोळी घालणं ही त्यातली कोणती पायरी? आणि शरफकंदींचा पक्षही हत्यारबंद लढलेला आहे, हे सोयीने विसरू नका. कोण किती सज्जन होता यावर खुनाचा खटला चालत नाही.

आता सुटकेच्या कायद्याबद्दल, कारण 'माफी दिली' असं सगळीकडे छापून आलं होतं. माफी नव्हती. जर्मन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५६अ प्रमाणे परदेशी कैद्याला देशाबाहेर काढायचं असेल तर उरलेली शिक्षा भोगवण्याचं सरकार *थांबवू* शकतं. जन्मठेप कायम राहते. जर्मन हद्दीत पाय ठेवला तर पुन्हा आत. क्रासिकोवच्या वेळी केंद्रीय महाभियोक्ता याला राजी नव्हता, कायदामंत्र्याने लेखी आदेश देऊन करवून घेतलं. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो: ज्याने ही मोडतोड केली त्याची सही फायलीत आहे.

उंबरा

वाकडी_वाट यांच्या 'रीत बसली' या मुद्द्याने मी जरा हललोय, कबूल करतो. सकाळी धागा टाकला तेव्हा सुटका म्हणजे निकालाचा एक दुःखद उपसंहार एवढंच मनात होतं. तो पुढच्या गुन्ह्याचा पहिला अंक असू शकतो, हा विचार केला नव्हता.

निशिगंध यांचंही खोडता येत नाही. कारा-मुर्झांना आत ठेवा असं म्हणायची माझी छाती नाही.

पण एक तरी अट असावी असं वाटतं. खांगोश्विलींच्या घरच्यांनी या सुटकेबद्दल उघड नाराजी बोलून दाखवली. ज्या कायद्याने त्यांना खटल्यात सहफिर्यादी म्हणून खुर्ची दिली, त्याच कायद्याने सुटकेच्या वेळी निदान आधी सांगावं, कोर्टात म्हणणं मांडू द्यावं. नकाराधिकार नको देऊ. पण विमान उतरल्यावर बातम्यांत कळायला नको.

कोर्टकज्जा

उंबरा, अगदी हेच बेल्जियममध्ये झालं, आणि पुढचं ऐकून हसू येईल. असदीला पाठवण्यासाठी सरकारने इराणशी कैदी-हस्तांतराचा करार केला. विरोधक घटनात्मक न्यायालयात गेले. मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने करार वैध ठरवला, पण बजावलं की हस्तांतराआधी पीडितांना कळवा, त्यांना दाद मागता आली पाहिजे. सरकारने काय करावं? तो करार बाजूला ठेवला आणि परराष्ट्र व्यवहारांविषयीच्या घटनेतल्या दुसऱ्याच कलमाखाली असदीला मे महिन्यात पाठवून दिलं. पीडितांना कळलं तेव्हा तो गेलेला होता.

फ्रान्सने तर खटल्याचीही वेळ येऊ दिली नाही. इराणी विरोधक काझिम रजवी यांना एप्रिल १९९० मध्ये जिनिव्हाजवळ मारलं. दोन संशयित फ्रान्समध्ये सापडले, स्वित्झर्लंडने मागणी केली, प्रत्यार्पण ठरलं. डिसेंबर १९९३ च्या अखेरीस दोघांना तेहरानच्या विमानात बसवलं. कारण दोन शब्दांचं: राष्ट्रीय हित.

निशिगंध

म्हणजे अट घातली तरी पळवाट आहेच. मग अटीवर एवढा भर कशाला?

कोर्टकज्जा

पळवाट काढावी लागली, ती दिसली, आणि आज आपण तिच्याबद्दल बोलतोय. रजवींच्या वेळी तेवढंही नव्हतं.

वाकडी_वाट

बघा, पुन्हा 'दिसली', 'बोलतोय', 'लिहिलं गेलं'. तुम्हा वकील मंडळींना अक्षराचं फार कौतुक.

अण्णा_पलीकडचे

अक्षरावरून आठवलं. रामशास्त्री नाहीत, घाबरू नका.

मायकोनोस जिथे होतं त्या इमारतीसमोर २००४ च्या एप्रिलमध्ये स्मृतिफलक लागला. इराणने निषेध केला, तरी लागला. चौघांची नावं आहेत, आणि त्यांना 'इराणच्या तत्कालीन सत्ताधाऱ्यांनी' मारलं असं लिहिलंय. आता तो 'तत्कालीन' बघा. १९९२ मध्ये सर्वोच्च नेते होते खामेनी. फलक लागला त्या दिवशीही सर्वोच्च नेते खामेनीच होते. कोर्टाने पद लिहिलं, नाव टाळलं. फलकाने पदही टाळलं आणि वर काळ घातला.

वाकडी_वाट

अण्णा, हा प्रतिसाद माझ्या बाजूने आहे की उंबरांच्या?

अण्णा_पलीकडचे

ते मलाही ठरवता आलेलं नाही. फलक अजून तिथे आहे एवढं खरं.