बाबांचे ‘वाटणी’ फोल्डर आणि नवे विंडोज

काकाजी (गाव) :
सर्वांना नमस्कार. विंडोज १० साठीच्या नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबल्या, म्हणून घरचा संगणक तालुक्याच्या दुकानात नेऊन त्यावर विंडोज ११ बसवून आणले. आता डी ड्राइव्हमधील ‘वाटणी’ हे फोल्डर कोठेच दिसत नाही. त्यात वाटणीपत्र, जुने फेरफार आणि सामाईक विहिरीच्या पाळ्यांचा कागद दादांनी स्कॅन करून ठेवला होता. डेस्कटॉपवरच्या कापसाच्या काटापट्ट्याही गेल्या. मंगळवारी तलाठ्यांकडे जायचे आहे. दुकानदार म्हणतो की डी ड्राइव्हला त्याने हातही लावला नाही.

पुतण्या (अमरावती) :
काकाजी, नमस्कार. दुकानदार खरे सांगत असावा. आधी एक कळकळीची विनंती करतो : कोणी कितीही सांगितले तरी आज ड्राइव्ह फॉरमॅट करू देऊ नका आणि त्यात नवीन काही उतरवूही नका.

ते फोल्डर बाबांनी माझ्यासमोरच लपवले होते, कारण एका दिवाळीत लेकरांनी खेळता खेळता अर्धे फोटो पुसले होते. लपवलेल्या फोल्डरवर ‘हिडन’ अशी एक खूण असते आणि ती फोल्डरसोबत ड्राइव्हवरच राहते; परंतु लपवलेले दाखवायचे की नाही, ही निवड विंडोजमधील आपल्या खात्यात नोंदलेली असते. नव्याने विंडोज बसवले की खातेही नवे होते आणि ही निवड ‘दाखवू नका’ अशी मूळपदावर येते. म्हणून काल दिसणारे फोल्डर आज दिसत नाही, इतकेच झाले असावे.

विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’वर टिचकी मारली की वरच्या पट्टीतच ‘हिडन आयटम्स’ची चौकट समोर येत असे. विंडोज ११ मध्ये ती रुंद पट्टी राहिली नाही. फाइल एक्सप्लोरर उघडून ‘व्ह्यू’ दाबा, उघडणाऱ्या यादीत सर्वांत खाली ‘शो’ आहे, त्यावर गेल्यावर बाजूला ‘हिडन आयटम्स’ दिसेल, त्यावर खूण करा.

ताई (वर्धा) :
काकाजी, डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्ये असतो, त्यामुळे काटापट्ट्यांचे प्रकरण वेगळे आहे. दुकानदाराने सी ड्राइव्ह फॉरमॅट केला नसेल, तर तेथे ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचे फोल्डर असेल. त्यातील ‘यूजर्स’मध्ये तुमच्या जुन्या नावाखाली ‘डेस्कटॉप’ पाहा आणि परवानगी विचारल्यास ‘कंटिन्यू’ म्हणा. नवी आवृत्ती आल्यानंतर दहा दिवसांनी विंडोज हे फोल्डर आपणहून पुसते, तेव्हा हे काम आजच करावे.

काकाजी :
‘वाटणी’ सापडले! त्याचा पिवळा रंग इतरांपेक्षा फिकट दिसतो, पण आतले फेरफार व्यवस्थित उघडले. जीव भांड्यात पडला. ‘विंडोज डॉट ओल्ड’ मात्र नाही. काटापट्ट्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर होती. तेथे आता फक्त एक शॉर्टकट दिसतो, तरी निम्मी जागा भरलेली दाखवते.

पुतण्या :
त्या शॉर्टकटवर कृपया दोनदा टिचकी मारू नका. हे बहुधा पेनड्राइव्हमधून पसरणाऱ्या व्हायरसचे काम आहे : तो खऱ्या फायली लपवतो आणि स्वतःला चालू करणारा शॉर्टकट पुढे ठेवतो. भरलेली जागा पाहता फायली आत असण्याचीच शक्यता जास्त. आधी विंडोज सिक्युरिटीने पेनड्राइव्ह तपासून घ्या.

तो फायलींवर ‘हिडन’सोबत ‘सिस्टम’ ही दुसरी खूणही लावतो, म्हणून आपण केलेली खूण येथे पुरत नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये वरच्या तीन ठिपक्यांतून ‘ऑप्शन्स’, मग ‘व्ह्यू’ येथे जाऊन ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स’ची खूण काढा. विंडोज इशारा देईल, त्याला ‘येस’ म्हणा. काटापट्ट्या दिसल्या की फक्त त्याच डी ड्राइव्हमध्ये उतरवा आणि ती खूण लगेच पूर्ववत करा, कारण ती काढलेली असताना विंडोजच्या स्वतःच्या फायलीही उघड्यावर येतात आणि चुकून पुसल्या जाऊ शकतात.

काकाजी :
काटापट्ट्या मिळाल्या. मंगळवारपर्यंत ‘वाटणी’ लपवलेले राहू नये, असे मला वाटते.

पुतण्या :
त्या फोल्डरवर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘हिडन’ची खूण काढा. खूण फक्त याच फोल्डरची काढायची की आतल्या सर्व फायलींचीही, असे विंडोज विचारेल; तेथे दुसरा पर्याय निवडा.