विंचवाला अंधारात भक्ष्याची दिशा कशी कळते?

रानवाट
विंचवाच्या पाठीवर मधोमध डोळ्यांची एक जोडी, शिवाय पुढच्या कडांना बहुधा दोन ते पाच जोड्या. तरी मिट्ट काळोखात वाळूखाली सरकणाऱ्या किड्याकडे तो नेमका वळतो तो कंपनांवरून, असं वाचलंय. कंपन आहे एवढं कळणं समजू शकतो, पण दिशा कशी कळते? आणि हे बघायला यूव्ही (अतिनील) टॉर्च लावली, जिच्या उजेडात विंचू हिरवा चमकतो, की विंचू एक तर थिजतो, नाहीतर आडोशाला पळतो. मग निरीक्षण करायचं कसं?

अष्टपाद
दिशा पायांतून कळते. आठही पायांच्या टोकाशी, पावलाच्या सांध्याजवळ, कवचात बारीक चिरांचा एक पुंजका असतो. वाळूच्या पृष्ठभागावरून येणाऱ्या रॅले लहरी या चिरा टिपतात. पावलावरचे केस वाळूतून येणाऱ्या दाबलहरी टिपतात.

फिलिप ब्राउनेल यांनी मोहावे वाळवंटातल्या विंचवांवर हे दाखवलं (१९७७). सैल वाळूत रॅले लहर सेकंदाला सुमारे ५० मीटर जाते, म्हणजे अगदी संथ. पाय टेकलेलं वर्तुळ साधारण ५ सेंमी व्यासाचं धरा. ते ओलांडायला लहरीला १ मिलिसेकंद लागतो. विंचवाला ०.२ मिलिसेकंदाचा फरकही पुरतो. ज्या पायाला लहर आधी पोचली, त्या बाजूला तो वळतो. पाय दोन वेगळ्या पट्ट्यांवर ठेवून एक पट्टी किंचित आधी हलवली, तर आधी हललेल्या पट्टीकडे वळतो. काही पायांच्या चिरा निकामी केल्या, तर वळणं शाबूत पायांच्या बाजूला झुकतात. अंतराचा अंदाज मात्र साधारण १५ सेंमीच्या आतच बरा येतो.

दगडफूल
वरचं सगळं वाळूतल्या विंचवाचं आहे, सरसकट लावू नका. अखंड खडकात हीच लहर सेकंदाला दोन हजार मीटरच्या आसपास धावते. ५ सेंमीला जेमतेम ०.०२५ मिलिसेकंद, म्हणजे वरच्या ०.२ च्या आठवा हिस्सा. मग वेळेच्या फरकाचा उपयोग काय? कपारीत किंवा झाडाच्या सालीत राहणाऱ्यांच्या बाबतीत पुढच्या चिमट्यांवरचे लांब, नाजूक केस बघा. हवेच्या झुळकीनेही ते झुकतात आणि प्रत्येक केस एका ठरावीक रेषेतच सहज हलतो. वेगवेगळ्या रेषांतले केस मिळून हवा कुठून आली ते सांगतात. उडता किडा पकडताना हेच केस कामी येतात, तिथे पायांना वाळूतून काही कळण्याचा प्रश्नच नाही.

रानवाट
म्हणजे पोटाखालच्या फण्यांचा शिकारीशी संबंध नाही?

अष्टपाद
मुख्य काम ते नाही. फण्या जमिनीला टेकवत तो चव आणि स्पर्श दोन्ही घेतो. मादीचा माग काढताना नराला त्या लागतात, म्हणून बहुतेक जातींत नराच्या फण्या मोठ्या असतात. शुक्रपिशवी ठेवायला योग्य जागा चाचपायलाही त्याच. ही इंद्रियं विंचवाखेरीज कुणाकडे नाहीत, तरी लोक नांगीतच अडकून पडतात!

निशाचर
प्रकाशाचं सांगतो. विंचवाचे डोळे ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे निळसर-हिरव्या उजेडाला फार संवेदनशील असतात आणि यूव्ही किरणही त्यांना जाणवतात. म्हणून टॉर्चखाली दिसतं ते त्याचं रोजचं वागणं नव्हे. यूव्ही फक्त शोधायला वापरा, ३६५ नॅनोमीटरची. ३९५ च्या जांभळ्या उजेडात त्याची हिरवी चमक झाकोळते. सापडला की ती बंद करून मंद लाल दिवा लावा, ६५० च्या पुढचा, आणि काही मिनिटं थांबा.

वाळूची चाचणी करायची तर पसरट ट्रेमध्ये कोरडी, चाळलेली वाळू किमान ५ सेंमी भरा. ट्रे जाड फोमवर ठेवा, नाहीतर तुमच्या पावलांची कंपनं आधी पोचतात आणि तो भलतीकडेच वळतो. १० सेंमीवर बारीक काडीने वाळू हलकेच खरवडा. फुंकर नको, श्वासही दुसरीकडे सोडा, कारण चिमट्यांवरचे केस जागे झाले तर वळला कशामुळे ते ठरवता येणार नाही. ओल्या वाळूत लहरी वेगळ्या धावतात, म्हणून तिथली निरीक्षणं कोरडीशी जोडू नका. हलवायचा तर २५-३० सेंमी लांबीचा चिमटा, टोकांना मऊ फोम लावलेला. नुकतीच कात टाकलेला विंचू यूव्हीत जवळजवळ चमकत नाही; टॉर्चमध्ये दिसला नाही म्हणून दगडाखाली हात घालू नका.