हरित ऑफिस इमारत बघायला दोन तास मिळालेत, नक्की काय बघावं?

कोनाडा
आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाचे २४ विद्यार्थी न्यायचे आहेत. सहा मजली ऑफिस, हरित इमारतीचं प्लॅटिनम (सर्वोच्च श्रेणीचं) प्रमाणपत्र, वापरात येऊन चार वर्षं झालीत. दोन तासांतला पहिला अर्धा तास त्यांचं सादरीकरण आहे. उरलेल्या वेळात काय बघायचं, काय मोजायचं, कोणाशी बोलायचं? लॉबीतल्या हिरव्या भिंतीपुढे फोटो काढून परत यायचं नाहीये.

उभी_पट्टी
जाण्याआधी तीन गोष्टी मागवा: मागच्या १२ महिन्यांची वीजबिलं, एकूण बांधीव क्षेत्र आणि रोज सरासरी किती माणसं बसतात ते. प्रमाणपत्र बरेचदा नकाशे आणि सिम्युलेशनवर मिळतं, प्रत्यक्षात किती वीज लागते ते बिलातच कळतं. वर्षाचे युनिट भागिले चौरस मीटर. ५,००० चौ.मी.ला ४ लाख युनिट म्हणजे ८०. हा आकडा एकटा मात्र फसवतो. अर्धे मजले रिकामे असले की तो आपोआप देखणा होतो, आणि आत सर्व्हर रूम असेल किंवा दोन पाळ्या चालत असतील तर चांगली इमारतही उधळी वाटते. सौरवीज आधीच वजा केलीय का, तेही विचारा.

भेट दुपारी ३ नंतरची घ्या. सकाळी पश्चिमेची बाजू कुठल्याही इमारतीत गुणी बाळासारखी वागते. उतरतं ऊन आडव्या छज्ज्याखालून थेट आत येतं, तिथे उभ्या पट्ट्या किंवा काचेच्या बाहेरचे पडदे लागतात. पडदे खाली ओढलेले आणि दिवे चालू दिसले, तर उजेडाचं नियोजन तिथे फसलंय असं समजा. चकाकीने वैतागून कोणीतरी पडदा ओढतो, पण ऊन गेल्यावर तो वर करायला कोणी उठत नाही.

लक्समीटर (उजेड मोजायचं यंत्र) टेबलाच्या उंचीवर धरा, शक्य असेल तर दिवे बंद करून, खिडकीपासून दर दीड मीटरवर. कामाचा उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट आत पोचतो. कड २.७ मीटरवर असेल तर सहा मीटरच्या आसपास. आकडा ३०० लक्सखाली कुठे जातो ती रेघ नकाशावर काढा. मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका.

कार्बन डायऑक्साइडचा मीटर मीटिंग रूममध्ये, मीटिंग संपता संपता न्या. बाहेर ४२० पीपीएमच्या आसपास असतं. आत बराच वेळ १,००० च्या वर राहिलं तर ताजी हवा कमी पडतेय. दोघांनीच आत जा. २४ जण शिरलात तर स्वतःचाच श्वास मोजाल!

पंपघर
सादरीकरण शेवटी ठेवायला सांगा. आधी तळघर आणि गच्ची. बोलायचं एसी-पंपांचा प्लांट चालवणाऱ्या ऑपरेटरशी, मार्केटिंगवाल्याशी नाही.

पंपांच्या व्हीएफडीचे, म्हणजे मोटरचा वेग गरजेप्रमाणे बदलणाऱ्या ड्राइव्हचे, डिस्प्ले बघा. इमारत अर्धी भरलेली असताना सगळे कमाल वेगावर फिरत असतील, तर वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा नावालाच आहे. बहुधा प्रेशर सेन्सर बिघडलेला असतो आणि कोणीतरी ड्राइव्ह ‘मॅन्युअल’वर टाकून ठेवलेला असतो.

खोल्या गार ठेवायला स्लॅबमधून थंड पाणी फिरवत असतील तर पाण्याचं तापमान आणि आतली आर्द्रता दोन्ही विचारा. २६ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला दवबिंदू साडेसतराच्या आसपास येतो. छताचा पृष्ठभाग त्याखाली गेला की पाणी सुटतं, म्हणून बाहेरची दमट हवा आत येऊ नये यासाठी अशा इमारतीत खिडक्या उघडू देत नाहीत किंवा उघडली की त्या भागातलं पाणी बंद करतात.

सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वापरतो म्हणाले, तर ताज्या पाण्याच्या बायपासचा व्हॉल्व्ह बघा. वास किंवा रंगाच्या तक्रारी आल्या की तो उघडला जातो, मग तसाच राहतो. पावसाच्या टाकीचा हिशेब मुलांनाच करू द्या. १,००० चौ.मी. छत, २० मिमी पाऊस म्हणजे २०,००० लिटर. पहिले १-२ मिमी, म्हणजे हजार-दोन हजार लिटर, धूळ धुऊन सोडून द्यायचे, शिवाय थोडी गळती.

कोनाडा
इन्फ्रारेड थर्मामीटरही आहे. काचेवर आणि ॲल्युमिनियमवर चालेल का?

उभी_पट्टी
चकचकीत ॲल्युमिनियमवर नाही, तो आजूबाजूच्या वस्तूंचं प्रतिबिंब वाचतो. मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर मोजा. काचेवर त्यामानाने बरा चालतो, पण तिरका धरू नका.

पंपघर
एक प्रश्न राहिला: ‘चार वर्षांत काय काढून टाकलंत?’ अमेरिकेत सिएटलचं बुलिट सेंटर हे हरित ऑफिस २०१३ मध्ये कंपोस्टिंग शौचालयांसह सुरू झालं, गाजलंही त्यामुळे. पुढे ती शौचालयं काढावी लागली. अशी यादी ऑपरेटर लगेच सांगतो, फक्त त्याचा साहेब शेजारी उभा नसताना विचारा.