खाजनाच्या बांधातून पाणी पाझरतंय, पावसाआधी काय करावं?

खाजनकाठ: गोव्यात तिसवाडीत आमचं खाजन आहे, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली सखल शेतजमीन. मांडवी नदीकडच्या बांधाला उधाणाच्या भरतीत आतल्या उतारावर दोन ठिकाणी पाझर लागतो. लाल माती टाकली, ती दोन भरत्यांत वाहून गेली. मे महिन्यात वादळ आलं तर बांध टिकेल का? पुढे कोरगूट (खाऱ्या जमिनीतला भात) पेरायचा आहे.

चिकणमाती: पाझरणारं पाणी आधी काचेच्या बाटलीत धरून बघा. नितळ असेल तर वेळ आहे. गढूळ असेल तर बांधाच्या पोटातली माती निघतेय, एक दिवसही दवडू नका. बहुधा कुर्ल्यांची (खेकड्यांची) बिळं असतील. बाहेरचं तोंड ओहोटीत सापडतं. वरून माती ओतून बीळ बुजत नाही, घट्ट थर लागेपर्यंत खणावं लागतं. मग खाडीतला चिकट चिखल पेंढा मिसळून वीतभराच्या थरांनी भरा आणि प्रत्येक थर पायांनी तुडवा. लाल माती एकमेकीला धरत नाही, म्हणून वाहिली. काम सप्तमी-अष्टमीला, भांगाच्या भरतीत (पाणी कमी चढतं तेव्हा) काढा, अमावास्या-पुनवेला उधाण असतं, तेव्हा नको.

मानसदार: मानशीकडेही (बांधातल्या पाण्याच्या दारांकडे) बघा. दारं ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात, भरतीला बाहेरच्या दाबाने मिटतात. तळाशी ओंडक्याचा तुकडा अडकला तरी रात्रभर खारं पाणी आत येतं. मासळीसाठी दार मुद्दाम उघडं ठेवतात, तो शेतावर सरळ अन्याय आहे. मानशीवरच्या मासेमारीच्या लिलावाच्या करारातच कूळ संघटनेने (खाजन कसणाऱ्या कुळांच्या संस्थेने) त्याला बंदी घालावी.

भरतीवेळ: वादळात हवेचा दाब 1 हेक्टापास्कल (हवेच्या दाबाचं माप) उतरला की समुद्र साधारण 1 सेंटिमीटर चढतो, 20 उतरला तर वीतभर. वाऱ्याने ढकललेलं पाणी वेगळं. 2021 चं तौक्ते चक्रीवादळ 16 मे रोजी गोव्याजवळून गेलं, अमावास्या 11 तारखेला होती. दोन्ही एका दिवशी आली असती तर पाणी आणखी चढलं असतं. म्हणून वादळाच्या इशाऱ्यासोबत तिथीही बघा. बांधाबाहेरची खारफुटी राखा, लाटांचा पहिला मार तीच घेते. खारं पाणी शिरलंच तर ओहोटीला काढा, पहिल्या पावसाचं पाणी शेतात साठवून दोन-तीनदा सोडा, मगच पेरा. कोरगूट खार सोसतो, पण कोवळं रोप जपावं लागतं.

खाजनकाठ: बाटलीत गढूळ आलं. चर किती आत न्यावा?

चिकणमाती: बांधाच्या निम्म्या रुंदीपलीकडे नको, आणि एका ओहोटीत भरून होईल तेवढाच तुकडा उघडा. पेंढा आणि चिखल आधी काठावर आणून ठेवा.