मराठवाड्यातला गुलाब : औषधाविना जगवलेल्या झाडांचे अनुभव

दसरा झाला की छाटणीची कात्री बाहेर निघते, म्हणून आत्ताच विचारते. गुलाबाबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक पुण्या-नाशिकच्या हवेला धरून. आपल्याकडं काळी चिकण माती, बोअरचं जड पाणी आणि मे महिन्यात चाळिशीपार ऊन. यात रासायनिक खत-औषध न वापरता ज्यांनी गुलाब जगवलाय त्यांनी लिहा. चुकलेलंही लिहा, तेच जास्त कामाला येतं.

सुरुवात माझी, लातूरहून. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात माझ्या अकरा झाडांपैकी सात गेली. उरलेली चार डाळ-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर तगली, पण नुसत्या पाण्यावर नाही. त्या चौघांच्या बुडाशी सोयाबीनचं भुसकट चार बोटं पसरलेलं होतं. भर दुपारी भुसकट सारून हात घातला तर खालची माती गार, ओलसर. शेजारच्या उघड्या वाफ्यात बोट जाईल एवढ्या भेगा. तेव्हापासून माझी एकही कुंडी उघडी नसते. भुसकट खोडाला मात्र टेकू देऊ नका, साल कुजते.

परभणीहून

ताई, भुसकटाचं शंभर टक्के खरं. मी शेणखताची चूक सांगतो. उकिरड्यावरचं दोन महिन्यांचं शेण तसंच आळ्यात भरलं. श्रावणात पाऊस चांगला असूनही दोन झाडं माना टाकून बसली. ओढली तर अलगद हातात आली. मुळ्या कुरतडलेल्या, आणि मातीत तांबूस डोक्याच्या, अर्धगोल वळलेल्या पांढऱ्या अळ्या. हुमणी! आता खत वर्षभर मुरवतो. वास गेला आणि चहापत्तीसारखं मोकळं झालं की मगच झाडाला.

जोडीला महिन्यातून दोनदा जीवामृत. 20 लिटर पाण्याला 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 200 ग्रॅम गूळ, 200 ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशीच तयार होतं.

छत्रपती संभाजीनगरहून, गच्चीवरून

माझ्या गुलाबांची कोवळी पानं पिवळी पडायची, शिरा तेवढ्या हिरव्या. सगळे सांगतात म्हणून मी अंड्याची टरफलं आणि चुलीची राख घालत राहिले. दोन वर्षं गेली त्यात. मग एका जाणत्या काकांनी कुंडीच्या काठावरचा पांढरा थर नखानं खरवडून दाखवला आणि म्हणाले, "बाई, क्षार आधीच एवढे, त्यात तू अजून चुना घालतेस!" लोह मातीत असतं, पण चुना जास्त झाला की मुळांना ते घेता येत नाही. टरफलांचा सल्ला आंबट मातीच्या मुलखात चालत असेल, आपल्याकडं नको.

कुंड्या रिकाम्या केल्या. एक वाटा माती, एक वाटा गांडूळखत, आणि कोकोपीट व जाड वाळू मिळून एक वाटा. पत्र्याचं पावसाचं पाणी दोन ड्रममध्ये साठवते आणि निम्मं बोअरचं, निम्मं ते असं देते. जुनी पिवळी पानं शेवटपर्यंत पिवळीच राहिली. पण नवा फुटवा आला तो गडद हिरवा, आणि त्या दिवशी मी शेजारणीला हात धरून वर आणलं.

हिंगोलीहून

मावा दिसला की लगेच फवारू नका. चार-पाच दिवस थांबा, ढालकिडे (लेडीबर्ड) येऊन फडशा पाडतात. नाहीच आले तर 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, गाळून थोडं साबणाचं पाणी घालायचं आणि ऊन उतरल्यावर फवारायचं. एप्रिल-मेमध्ये लाल कोळी येतो. त्याला पहाटे पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा पुरतो.

नांदेडहून

आमच्या वाड्यात आजीनं लावलेला गावठी गुलाब अजून आहे. त्याच्या पाकळ्या मुलं तोडून तशाच तोंडात टाकतात, म्हणून औषधाचा प्रश्नच येत नाही. पाकळ्या आणि खडीसाखर समान वजनाची, काचेच्या बरणीत थरावर थर, महिनाभर उन्हात. विकतच्या गुलाबाचा गुलकंद मी घरात आणत नाही.

एक सांगते, कलमी झाड असेल तर जोडाच्या खालून येणारे लांबसडक कोंब बुडातून काढा. तो जंगली खुंट असतो, वरचं कलम मारून टाकतो. मी कौतुकानं वाढवला आणि ग्लॅडिएटर जातीचा लाल गुलाब गमावला.

धाराशिवहून

सगळं वाचून यंदा धीर करून पहिल्यांदा छाटणी केली. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरपा काप. फूल यायला साधारण दीड महिना लागतो म्हणतात. आज नववा दिवस. सकाळी चष्मा लावून बघितलं, चार डोळे तांबूस फुगलेत, पाचवा अजून झोपलाय.