पहिल्या ५ लिटर बिअरचे बुडबुडे थांबले

प्रश्न (कोल्हापूर): घरी प्रथमच ५ लिटर बिअर आंबवण्यास ठेवली असून चौथ्या दिवशीच बुडबुडे थांबले आहेत, ती आता बाटल्यांत भरावी का?

उत्तर १: कृपया घाई करू नये. झाकणाच्या फटीतूनही वायू निसटत असल्याने बुडबुडे थांबणे हा पुरावा नव्हे. हायड्रोमीटरचे (द्रवाची घनता मोजून उरलेल्या साखरेचा अंदाज देणारे उपकरण) माप सलग ३ दिवस स्थिर राहिल्यावरच बाटल्या भराव्यात, अन्यथा उरलेली साखर बंद बाटलीत आंबत राहून काच फुटू शकते, आणि ही भीती मुळीच अवाजवी नाही.

उत्तर २: आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ३५ अंशांपुढे जातो; एल यीस्टला (एल प्रकारची बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवाला) साधारण १८ ते २२ अंश मानवतात. भांडे पाण्याच्या घमेल्यात ठेवून त्यास ओले फडके गुंडाळावे.

उत्तर ३: महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याविना मद्यनिर्मितीस मनाई आहे, हेही आपण ध्यानात घ्यावे.